एकास दोन हजार

पहिल्याच तासाला एन्खतुया मॅडम म्हणाल्या,
चांगली तासलेली पेन्सिलही
अर्धा मिलिमीटर जाड रेघ ओढते.
एकास दोन हजारच्या नकाशात
म्हणजे जमिनीवर एक मीटर.
"तेवढ्यात काय काय आहे, ते पाहून या. मग रेघ ओढा."

मी पाहून आले.
एका मीटरात मावतात
कोळशाची चार पोती, साखळीचा कुत्रा,
आणि शौचालयाच्या खड्ड्याकडची पायवाट,
उणे अठ्ठावीसमध्ये रात्री दोनदा तुडवलेली.

उलानबातरच्या उत्तरेकडच्या उतारावर
आमचं गेर आहे:
जाड नमद्याचं गोल घर, भोवती फळ्यांचं कुंपण.
खाली विद्यापीठ, तिथं मी पदव्युत्तर नगररचना शिकते.
सकाळी चटईक्षेत्र निर्देशांक,
संध्याकाळी घरी,
जिथं चटई हेच सगळं क्षेत्र.

पाणी कुठं मुरतंय ते शोधायला शिकवतात.
आमच्याकडे पाणी मुरत नाही, गोठतं.
पाइप साडेतीन मीटर खोल पुरावा लागतो,
तेवढी खोल कुणाची तिजोरी नसते,
म्हणून शेजारचा तेमूलेन, वय नऊ,
वीस लिटरचा कॅन ढकलगाडीवर बांधून
टाकीच्या खिडकीपर्यंत चारशे दहा पावलं जातो.
येताना पाचशे तीस.
(मी दोन्ही वेळा मोजली. भरल्या गाडीला पावलं आखूड पडतात.
प्रबंधात मात्र एकच अंतर लिहावं लागलं.)

सर्वेक्षणाच्या फॉर्मवर चौदावा प्रश्न:
निवास कायमचा की तात्पुरता?
आमच्या दारात मीच मला विचारून आत गेले,
उंबरठ्यावर पाय न देता.
वडील चुलीत कोळसा सारत होते.
झूदच्या त्या हिवाळ्यात
तीनशे मेंढ्यांतल्या एकवीस उरल्या, तेव्हा ते इथं आले.
"लिही, परत जायचंय."
किती वर्षं झाली?
"अठरा."
दोन चौकटी होत्या. मी दोन्हींच्या मधे खूण केली,
संगणकानं ती घेतली नाही.

आणि मग तो रस्ता.
सहा मीटर रुंद, आगीचा बंब वर चढावा म्हणून,
माझ्या आराखड्यात तो सरळ
त्सेंदसुरेनच्या गेरमधून जात होता.
नुकसानभरपाईची कलमं पाठ करून मी गेले.
तिनं खारट दुधाचा चहा ओतला, नकाशा उलटा धरून पाहिला,
आणि विचारलं,
"डावीकडे सरकू की उजवीकडे?"

अहो, हा नुसता प्रबंध आहे,
हे कुणी बांधणार नाही,
असं म्हणेपर्यंत तिच्या मुलांनी
छपराचा नमदा उतरवला होता.
मग वासे, मग जाळीच्या भिंती.
चूल गरमच उचलली, दोन काठ्यांवर.
तासाभरात घर नऊ पावलं पूर्वेला.

आता फक्त कुंपण, मी म्हटलं.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की मी फाईल छातीशी धरली.
"घर हलवीन. घर माझ्या सासूचं,
तिनंही ते चाळीसदा हलवलं.
कुंपण हलणार नाही. त्याच्या कागदावर
माझं नाव आहे. दुसऱ्या कुठल्याच कागदावर नाही."

परीक्षकांनी पडद्यावर लाल ठिपका फिरवला.
हा रस्ता इथं का वाकलाय?
भूस्तर? चढ? मोजणीतली चूक?
साठ स्लाइड तयार होत्या, यावर एकही नव्हती.
मॅडम खिडकीबाहेर धुराकडे बघत होत्या,
मला वाटलं हसताहेत. खात्री नाही.
चढ आहे, मी म्हटलं.

परतताना अंधार पडला होता.
बर्फात त्सेंदसुरेनच्या जुन्या जागी
अजून एक काळा गोल उरला होता, उघड्या मातीचा,
आणि त्यात, रस्त्याच्या बरोबर मध्यरेषेवर,
तिचा कुत्रा अंग मुडपून झोपला होता.
मी वळसा घालून गेले.